ती हसली म्हणून?

उंबरा (धागाकर्ती) · रविवार, रात्री १०:४२

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो. सातआठ डोकी, कुणाच्या तरी घरी, पोहे आणि चहा. या वेळी महाभारताचं सभापर्व घेतलं होतं. पोहे संपेपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग तळमजल्यावरचे काका बशी खाली ठेवत म्हणाले, "काही म्हणा, द्रौपदी हसली नसती तर पुढचं रामायण घडलं नसतं." (महाभारताच्या कट्ट्यावर 'रामायण' म्हणाले, तरी कुणी हसलं नाही. यावरून हवा कशी होती ते ओळखा.)

तिसऱ्या मजल्यावरची नवी सून एरवी तोंड उघडत नाही. ती म्हणाली, "काका, फासे टाकले कुणी, बायकोला पणाला लावलं कुणी, केस धरून ओढत आणलं कुणी, आणि कारण काय, तर ती हसली?"

"अगं, मी दोष देत नाहीये. मी फक्त कारण सांगतोय."

"तेच तर!"

या 'तेच तर'वर कट्टा मोडला. मी घरी येऊन ओटा आवरला आणि सभापर्व काढून बसले. खरं सांगायचं तर तो प्रसंग मलाही तोंडपाठ होता. मयसभा, पाणी समजून वस्त्र वर धरणारा दुर्योधन, मग जमीन समजून टाकलेलं पाऊल आणि धपकन् पाण्यात. वर गच्चीत द्रौपदी. आणि तो टोमणा, आंधळ्याचा मुलगा आंधळाच. कीर्तनात ऐकलेलं, मालिकेत पाहिलेलं, चित्र पक्कं डोळ्यांसमोर.

तर ते तिथं नाहीच.

भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती (जुनी हस्तलिखितं ताडून ठरवलेला मजकूर) समोर धरून सांगते. प्रसंग घडतो तेव्हा पहिल्यांदा हसतात नोकरचाकर. युधिष्ठिराच्या सांगण्यावरून दुर्योधनाला कोरडी वस्त्रं देतात. मग भीम, अर्जुन आणि नकुल-सहदेव हसतात. पुढे तो बंद दाराला उघडं समजून कपाळ आपटून घेतो. द्रौपदीचं नाव या जागी येत नाही. गच्ची नाही, टोमणा तर नाहीच नाही.

खरी गंमत यापुढे आहे. परत जाताना दुर्योधन शकुनीपाशी मन मोकळं करतो. युधिष्ठिराचं वैभव बघून मी जळतोय, उन्हाळ्यात डबकं आटावं तसा आटत चाललोय. शिशुपालाला मारलं आणि त्याच्या बाजूनं एक माणूस उभा राहिला नाही. ती श्रीमंती, ती सभा, आणि वर पहारेकरी मला हसले! पहारेकरी. मामाजवळ एवढंच.

मग तोच माणूस बापापुढे उभा राहतो तेव्हा म्हणतो की कृष्ण आणि अर्जुन मोठ्यानं हसले, आणि द्रौपदी बायकांसकट हसली, ते माझ्या मनाला लागलं.

पाय एकदाच घसरला. मामाला सांगितलेले हसणारे वेगळे, बापाला सांगितलेले वेगळे. बापाकडून द्यूताची परवानगी काढायची होती, तिथं पहारेकऱ्यांचं हसणं कसं पुरणार? म्हणजे द्रौपदी हसली हे आपल्याला कळतं ते दुर्योधनाच्या तोंडून, आणि तेही त्याला काही हवं असताना. कथा सांगणारा एक सांगतोय, पात्र दुसरंच सांगतंय, आणि आपण पिढ्यान् पिढ्या पात्राचं उचललं. वर टोमणा पदरचा घातला.

तर मंडळी, प्रश्न असा. गोष्टीतलं कारण मजकुरात असतं की वाचणाऱ्यात? गोष्टीत नुसतं 'मग' असताना तुम्ही 'म्हणून' वाचलंत, असं कधी झालंय का? उदाहरणं द्या. काकांची बाजू घेतलीत तरी चालेल, पण पुराव्यानिशी.

ताकपिठ्या · रविवार, रात्री ११:०५

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. धागा संपला, झोपा आता. (दिवे घेणे.)

उंबरा · रविवार, रात्री ११:११

कावळ्याचं एकवेळ चाललं असतं हो. इथं फांदीच बोंब मारतेय की मला कावळ्यानं मोडलं. आणि मामाला एक कावळा दाखवतेय, बापाला दुसरा.

पोथीनिष्ठ · सोमवार, सकाळी ७:१८

सुंदर धागा. रात्री वाचला आणि झोप उडाली.

चिकित्सक आवृत्तीचं काम पुण्यात १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. १९ खंड, १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिलेली. सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन संस्कृत पंडितानं केलं, १९४४ साल. हे आकडे मिरवायला सांगत नाहीये. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या हस्तलिखितांतच आहे असं मला वाटतं.

त्याच पर्वातला पुढचा प्रसंग घ्या. दुःशासन वस्त्र ओढतो. एक ओढलं की तसंच दुसरं येतं. कसं येतं? आपण सगळे एका सुरात सांगू, तिनं कृष्णाचा धावा केला आणि कृष्णानं वस्त्रं पुरवली. आता संपादित मजकूर बघा. तिथं धावा नाही. कृष्ण नाही. कुठल्याच देवाचं नाव नाही. वस्त्रं येत राहतात, बस्स. दुःशासन दमून, शरमून खाली बसतो. एजर्टननं प्रस्तावनेत हे स्पष्ट नोंदवलंय, आणि नंतरच्या लोकांना इथं भर घालावीशी वाटली यात नवल नाही, अशा अर्थाचंही लिहिलंय.

आता डोळ्यांसमोर आणा. पणतीच्या उजेडात एक लेखनिक बसलाय. भूर्जपत्र असेल, ताडपत्र असेल, प्रांत कुठलाही असो. तो या ओळीपाशी येतो. कार्य आहे, कारण नाही. त्याचा बोरू अडखळतो. हे वस्त्र आलं कुठून? याला कुणीतरी पाठवलेलं असणारच! आणि तो (किंवा त्याच्या आधीचा कुणी, किंवा त्यानं ऐकलेला कुणी पुराणिक) एक धावा घालतो. पुढची प्रत त्याच्यावरून होते. शे-दोनशे वर्षांनी तो धावाच मूळ होऊन बसतो.

आपण वाचताना मनातल्या मनात 'म्हणून' घालतो. त्या काळचा वाचक लिहिणाराही होता, त्यामुळे त्याचा 'म्हणून' शाईत उतरला. चिकित्सक आवृत्तीच्या तळटीपा आणि परिशिष्टं मी त्यासाठीच वाचतो. वाचकांना कुठंकुठं कारणाविना राहवलं नाही याची नोंदवहीच आहे ती.

आजी सांगायची ती चिंधीची गोष्ट आठवते? कृष्णाचं बोट कापलं, सुभद्रा चिंधी शोधत बसली, द्रौपदीनं अंगावरचं भरजरी वस्त्र टर्रकन फाडून बांधलं. म्हणून पुढे त्यानं वस्त्रं पुरवली. म्हणजे वस्त्रांना कारण कृष्ण, आणि आता कृष्णाला कारण चिंधी! कारणालाही कारण लागतं, हे आपल्या आज्यांनी पुरवलं.

आजीची_नात · सोमवार, सकाळी ९:३०

+१. आणि त्या चिंधीच्या गोष्टीत सुभद्रेवर अन्याय होतो तो वेगळाच.

निर्विकार · सोमवार, दुपारी १:५५

थोडा विरोध नोंदवतो. धागा हळूहळू 'कारण काय, वाचक ठरवेल ते' या वळणावर चाललाय. मग कथेत आणि एसटीच्या वेळापत्रकात फरक काय? तिथंही एकामागून एक येतंच.

पोथीनिष्ठ, तुम्ही उद्योगपर्व सोयीस्कर विसरलात. त्यात कृष्ण स्वतः म्हणतो, मी दूर असताना द्रौपदीनं 'गोविंदा' म्हणून हाक मारली, ते ऋण माझ्यावर वाढत चाललंय, मनातून जात नाही. हे चिकित्सक आवृत्तीतही आहे. म्हणजे धावा पूर्ण हवेतून आलेला नाही. लेखनिकाला मजकुरातच धागा सापडला होता, त्यानं तो ओढला.

आणि धागाकर्तीला. 'कारण' हा एकच शब्द घेऊन आपण भांडतोय, मराठीत तीन आहेत. हेतू, कारण, निमित्त. दुर्योधनानं भीमाला लहानपणी विष घातलं, पांडवांना लाखेच्या घरात जाळायचा घाट घातला, हे सगळं आदिपर्वात, मयसभेच्या कितीतरी आधी. तेव्हा कोण हसलं होतं? वैर जुनं, हसणं हे निमित्त.

न्यायशास्त्रात (कोर्टाचं नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र) याला फार मस्त उदाहरण आहे. मडकं घडायला माती लागते, कुंभार लागतो, चाक लागतं, चाक फिरवायचा दांडा लागतो. माती वाहून आणणारं गाढवही तिथं हजर असतंच. पण नैयायिक गाढवाला मडक्याचं कारण मानत नाहीत. त्याला म्हणतात 'अन्यथासिद्ध'. ते नसतं तर माती दुसऱ्या कशावरून आली असती, मडकं झालंच असतं. तुमच्या काकांना एवढंच सांगा, तिचं हसणं हे कुंभाराचं गाढव आहे.

उंबरा · सोमवार, दुपारी २:२०

बाजू घेता घेता गाढव केलंत की हो तिला!

पण मुद्दा पटला. निदान अर्धा. उरलेला अर्धा असा की हजारो वाचकांना नेमकं गाढवच का दिसतं? चाक का नाही दिसत? पुरुषांच्या त्या अख्ख्या दरबारात कारण शोधायला निघालेली नजर जनानखान्यात जाऊन थांबते, हे निमित्त-कारण वेगळं करून सुटत नाही.

ताकपिठ्या · सोमवार, दुपारी २:२४

चाक गुपचूप फिरतं. गाढव ओरडतं.

पोथीनिष्ठ · सोमवार, दुपारी ४:०२

निर्विकार, मान्य, विसरलो नव्हतो पण टाळलं होतं. तो श्लोक मी उलटा वाचतो. वस्त्रं पुरवली असती तर ऋण फिटलं असतं ना? वाढतंय कशाला? शिवाय वनपर्वात कृष्ण पांडवांना सांगतो की द्यूताच्या वेळी मी शाल्वाशी लढण्यात गुंतलो होतो, नाहीतर येऊन हे थांबवलं असतं. मला तो पोचू न शकलेल्या माणसाचा सल वाटतो. हाक गेली, माणूस आला नाही. तुम्ही म्हणता त्याच श्लोकावरून एकानं 'म्हणून तो धावला' वाचलं, मी 'म्हणून तो ऋणात राहिला' वाचतो. मजकूर तोच आहे.

अर्थात 'वाचक ठरवेल ते' असं माझं म्हणणं नाही. 'शकुनीनं वस्त्रं पुरवली' असं कुणी म्हणालं तर मी भांडेन.

अशिलाचा_वकील · सोमवार, रात्री ९:४७

आमचा धंदाच या विषयावर चालतो, त्यामुळे दोन शब्द.

पंचनामा हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. घटनास्थळी जे दिसलं ते लिहायचं. 'भिंतीवर जमिनीपासून दोन फुटांवर तांबडे डाग दिसले', चालेल. 'झटापट झाली म्हणून डाग पडले', नाही चालणार, तुम्ही झटापट पाहिलीत का? मी ज्युनियरांना सांगतो, पंचनाम्यात 'म्हणून' दिसला की खाली लाल रेघ मारा. उलटतपासणी तिथून सुरू होते.

पण गंमत अशी की काही ठिकाणी कायदाच न्यायाधीशाला सांगतो की इथं 'म्हणून' धरून चाला. हुंडाबळीचं कलम घ्या. जुन्या दंडविधानातलं ३०४-ब, १९८६ साली आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८०. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा मृत्यू अनैसर्गिक रीतीनं झाला, आणि मृत्यूच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दाखवता आलं, तर तो हुंडाबळी समजायचा. 'थोडं आधी' म्हणजे किती आधी, यावर किती निकाल आहेत ते विचारू नका. बंद दाराआड घडलेल्या गोष्टीला साक्षीदार मिळत नाही, म्हणून कायद्यानं 'नंतर'वरून 'मुळे'कडे जायचा पूल बांधून दिला. आरोपीला तो पाडायची संधी असते. मला स्वतःला हा पूल योग्य वाटतो. पण पूल आहे हे विसरू नये, जमीन नाही ती.

साहित्यातलं उदाहरण हवं तर आल्बेर काम्यूची ती १९४२ ची छोटी कादंबरी, परका माणूस. मेर्सो किनाऱ्यावर एका अरबाला गोळी घालतो. एक गोळी. मग थांबतो. मग आणखी चार. तपास करणारा न्यायाधीश डोकं फोडून घेतो की मध्ये थांबलास का, मेर्सो गप्प. त्याला सांगता येत नाही. कोर्टात कारण विचारल्यावर तो म्हणतो, उन्हामुळे. लोक हसतात. (इथंही हसणं!)

आता सरकारी वकिलाचं काम बघा, धंद्यातला माणूस म्हणून मला त्याचं कौतुकच वाटतं. त्याला उन्हाचं कारण परवडत नाही. मग तो मागे जातो. आईच्या प्रेताजवळ बसून हा दुधाची कॉफी प्यायला. सिगारेट ओढली. रडला नाही. दुसऱ्या दिवशी पोहायला गेला, मैत्रिणीबरोबर विनोदी सिनेमा पाहिला. यातली एकही गोष्ट खोटी नाही, सगळ्या आपण पहिल्या भागात वाचलेल्या आहेत. त्यानं फक्त मण्यांत दोरा ओवला. आईसाठी रडला नाही असा माणूस, म्हणून खून केला. बचावाचा वकील शेवटी वैतागून विचारतो की याच्यावर आरोप कसला आहे, आई पुरल्याचा की माणूस मारल्याचा?

पहिल्यांदा वाचली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि सरकारी वकिलाचा राग आला होता. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की पहिल्या भागात कॉफीपाशी माझीही भुवई वर गेली होती. दोरा माझ्याही हातात होता, गाठ तेवढी त्यानं मारली.

आणि तो मेलेला अरब. त्याला कादंबरीभर नाव नाही. कोर्टातही त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कारणाच्या शोधात मेलेला माणूसच बाजूला पडला.

खडूफळा · मंगळवार, सकाळी ६:५०

सातारा जिल्ह्यात आठवी-नववीला मराठी शिकवते. शाळेला जायच्या घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

एम.ए.ला ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराचं १९२७ सालचं ते गाजलेलं उदाहरण पाठ केलं होतं. 'राजा मेला आणि मग राणी मेली' ही नुसती गोष्ट. 'राजा मेला आणि त्या दुःखानं राणी मेली' हे कथानक. परीक्षेत लिहून मार्क घेतले. वर्गात उभी राहिल्यावर कळलं की पोरांना ते 'दुःखानं' लागतच नाही. फळ्यावर पहिलंच वाक्य लिहिलं आणि विचारलं, राणी कशानं मेली? सगळा वर्ग एका दमात, दुःखानं! एक म्हणाली सती गेली असेल. मागच्या बाकावरून आलं, दोघांच्या जेवणात एकच विष. 'मला माहीत नाही' असं एकानंही म्हटलं नाही. 'माहीत नाही'ला मार्क नसतात हे आम्हीच शिकवलंय म्हणा.

आमच्या प्रश्नपत्रिकेत 'कारणे लिहा' हा प्रश्न असतो. उत्तराची सुरुवात 'कारण'नं करायची आणि ते धड्यातल्याच एका वाक्यात सापडलं पाहिजे. पाच वर्षं ते केल्यावर मूल कादंबरी हातात घेतं तेव्हा तीही तशीच वाचतं. कुठल्या तरी पानावर कुठल्या तरी एका ओळीत उत्तर असणार, ती शोधायची आणि अधोरेखित करायची.

राजाराणी आमच्या पोरांनी पाहिलेले नाहीत. उद्या फळ्यावर दुसरं लिहून बघते. 'आजोबा वारले. दुसऱ्या दिवशी गाईनं चारा सोडला.' काय येतं ते कळवते.

आजीची_नात · मंगळवार, दुपारी १२:१५

कुणीच श्रावणी सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीचं नाव काढलं नाही, आश्चर्य आहे.

राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा असतो. दवंडी पिटतात, घरातलं सगळं दूध देवळात आणा. लोक भीतीनं वासरांना ठेवत नाहीत, पोरांना देत नाहीत, सगळं आणून ओततात. गाभारा काही भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिनं आधी घरातलं आवरलंय, मुलाबाळांना खाऊ घातलंय, लेकीसुनांना न्हाऊ घातलंय, गाईवासरांना चारा घातलाय. मग खुलभर दूध घेऊन आलीय. ती ओतते, पाठ फिरवते, आणि गाभारा भरतो.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याला ही सांगितली. तो म्हणाला, "त्यात काय, बाकीच्यांनी भरत आणला होता, हिचं शेवटचं पडलं." मी दोन मिनिटं गप्प. गोष्टीच्या ओळींना धरून बघितलं तर त्याचं चूक कुठं आहे? 'मग भरला' एवढंच तर म्हटलंय.

तेव्हापासून त्या राजाकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. गुरव येऊन सांगतो, अमुक झालं. राजाला कोडं उलगडत नाही. तो पुढच्या सोमवारी पहारा ठेवतो. तरी कळत नाही. मग स्वतः येऊन बसतो. एकदा झालं म्हणजे कावळा-फांदी असेल, पुन्हा होतंय का बघू, हा त्याचा खाक्या. म्हातारी पाठ फिरवते, गाभारा भरताना तो डोळ्यांनी बघतो, धावत जाऊन तिचा हात धरतो. आणि इथं तो आपल्यापेक्षा शहाणा निघतो. त्यानं 'हिच्या दुधात काहीतरी आहे' असं ठरवून टाकलं असतं तर? तसं सगळं त्याच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. तो ठरवत नाही, विचारतो. घाबरू नको म्हणतो, अभय देतो. मग ती सांगते की तुझ्या हुकमानं वासरं आणि लेकरं तळमळली, मोठ्यांनी हाय हाय केलं, ते देवाला आवडलं नाही. कारण देवळात नव्हतंच, गावातल्या गोठ्यांत होतं. ती घरून निघायच्या आधीच घडून गेलेलं.

आजी ही कहाणी वाचायची तेव्हा 'वासरांना चारा घातला' इथं हमखास थांबून आमच्याकडे बघायची. तेव्हा वाटायचं चष्मा सावरतेय.

निर्विकार · मंगळवार, दुपारी ३:३०

हे फार आवडलं. आणि तुमच्या मुलाचं वाचन मी चूक म्हणणार होतो पण राहू दे.

फक्त एक. इथं कारण गोष्टच सांगते, म्हातारीच्या तोंडून. तेव्हा माझा मुद्दा शाबूत आहे. :)

उंबरा · मंगळवार, रात्री १०:१०

तिच्या तोंडून सांगते, हे खरं. दुर्योधनाचं कारणही त्याच्या तोंडूनच येतं. आपण म्हातारीवर विश्वास ठेवतो आणि त्याच्यावर ठेवायला नको म्हणतो, ते का? ती घाबरलेली आहे, राजानं हात धरलाय, तिला काही मागायचं नाहीये. त्याला मागायचं आहे. मला वाटतं मी आता कारणापेक्षा हे आधी बघेन, सांगणाऱ्याला काही हवं आहे का.

अपडेट: काल लिफ्टमध्ये काका भेटले. धाग्याचं सांगितलं नाही, पण पहारेकऱ्यांचं सांगितलं. ते तळमजल्यावर उतरायचं सोडून माझ्याबरोबर वर पाचव्यापर्यंत आले. म्हणाले, "टोमणा नाहीच म्हणतेस? मी तर माझ्या वडिलांकडून ऐकलाय." मग जरा थांबून म्हणाले, "आई घरात मोठ्यानं हसली की वडील ही गोष्ट काढायचे." पुन्हा खाली गेले. पुढचा कट्टा तिसऱ्या मजल्यावर आहे, ते येतील असं वाटतंय.

ताकपिठ्या · मंगळवार, रात्री १०:३१

मी मघाशी धागा संपला म्हटलं होतं ते मागे घेतो.

खडूफळा · बुधवार, सायंकाळी ५:४०

झाला प्रयोग. फळ्यावर लिहिलं, 'आजोबा वारले. दुसऱ्या दिवशी गाईनं चारा सोडला.' का?

बहुतेकांचं तेच, मुक्या जनावराला माया असते, तिला कळलं, ती रडत होती. दोघीतिघींनी तर गाईच्या डोळ्यांत पाणी आणलं, छान लिहिलं. एकीनं वेगळं लिहिलं, आजोबाच धार काढत असतील, गाय दुसऱ्याच्या हाताला बुजते. मी मनात म्हटलं, वा, हिच्या घरी गाय आहे.

एका पोरानं काहीच लिहिलं नव्हतं. तो तसा गप्पच असतो. वही कोरी का विचारलं तर म्हणाला, "बाई, वाक्य चुकलंय."

"काय चुकलं?"

"सोडला कसला. टाकलाच नसंल कुणी."

वर्ग हसला. मी गप्प केलं त्यांना. तो खाली बघत म्हणाला, "आमचा आजा गेला तवा समदी पुढच्या अंगणात. गोठ्यात कुणी गेलंच न्हाय. मला तिसऱ्या दिवशी आठवलं."